वळवाआधीची पालवी

ईस्टर जवळ आला की ख्रिस्ती घरांत शुभेच्छांची चित्रे येऊ लागतात. पूर्वी ती टपालाने येत, आता मोबाइलवर येतात. चित्र मात्र बदललेले नाही. वितळत्या बर्फातून डोके वर काढणारी पिवळी फुले, शुभ्र लिली, ओल्या गवतावर बागडणारी सशाची पिल्ले आणि वर कोवळे ऊन. सोलापूर, बीड किंवा जालना जिल्ह्यातील एखाद्या चर्चमधून पुनरुत्थानाची पहाटेची उपासना आटोपून मंडळी बाहेर पडतात तेव्हा आठाच्या सुमारासच ऊन चटके देऊ लागलेले असते. विहिरींनी तळ दाखवायला आरंभ केलेला असतो. माळावरचे गवत केव्हाच करपून गेलेले असते आणि गुरांसाठी कडब्याचा हिशेब सुरू झालेला असतो. आत गायिलेल्या गीतांतील वसंत आणि बाहेरचा चैत्र यांची गाठ पडता पडत नाही. ज्या धर्माने मरणावरील विजयाची वार्ता निसर्गाच्या भाषेत सांगितली, त्याच्या मराठी अनुयायांनी ती भाषा कोणत्या ऋतूतून शिकावी, हा प्रश्न त्यामुळे वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

युरोपात श्रद्धा आणि ऋतू यांचे लग्न फार जुने आहे. उपवासकाळासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘लेंट’ हा शब्द मुळात वसंताचेच जुने नाव आहे. ‘ईस्टर’ या नावाचा संबंध आठव्या शतकातील बीड या इंग्लिश इतिहासकार संन्याशाने एका वासंतिक देवतेशी जोडला होता. नाताळ वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास येतो, म्हणून अंधारात उगवणाऱ्या प्रकाशाचे रूपक तिकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. चार-पाच महिने जमीन गोठलेली, झाडे निष्पर्ण, दिवस आखूड. आणि मग एकाएकी पाणी वाहू लागते, कळ्या फुटतात. अशा देशात थडगे उघडल्याची वार्ता एप्रिलच्या सकाळी ऐकणाऱ्याला बाहेरचे सारे शिवारच साक्षीला उभे असल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र हा योग भूगोलाचा आहे, धर्माचा नाही. ऑस्ट्रेलियात किंवा दक्षिण आफ्रिकेत ईस्टर शरदात येतो आणि तिथल्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा त्यामुळे उणी पडल्याचे कोणी ऐकलेले नाही.

सणाची तिथी ठरविण्याची रीत मात्र मराठी वाचकाला परकी वाटू नये अशी आहे. इसवी सन ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असा निर्णय केला आणि पुढे जो नियम रूढ झाला तो असा की, २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर. म्हणूनच तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत मागेपुढे सरकतो. साहजिकच कधी तो होळीच्या पौर्णिमेमागोमाग येतो, कधी चैत्री पौर्णिमेमागोमाग. २०२१ मध्ये होळी २८ मार्चला आणि ईस्टर ४ एप्रिलला होता. २०२२ मध्ये हनुमान जयंती १६ एप्रिलला आणि ईस्टर दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला. शेजाऱ्यांच्या दोन सणांना एकच चंद्र पुरत आलेला आहे, ही गोष्ट कचेरीतल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे रोज पाहणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही.

या सणाची जन्मभूमी पाहिली तर चित्र अधिकच वेगळे दिसू लागते. पॅलेस्टाइन हा बर्फाळ देश नव्हे. तेथे पाऊस ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो, हिवाळाभर पडतो आणि एप्रिलपर्यंत सरतो. त्यानंतर पाच महिने आकाश कोरडे. ‘गीतरत्ना’तील प्रियकर पाऊस संपल्याची आनंदवार्ता देतो, ती मराठी कानाला जरा चमत्कारिक वाटते ती यामुळेच. पाऊस संपला याचा आनंद मानावा, असे मराठवाड्यातील कोणता माणूस म्हणेल? परंतु त्या देशात पाऊस संपणे म्हणजे थंडी संपणे आणि पीक हाती येणे. वल्हांडणाच्या सणाला जवाची कापणी सुरू होई. लेवीय पुस्तकातील नियमानुसार पहिल्या पिकाची पेंढी शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी याजकाने देवापुढे ओवाळायची आणि तेथून पन्नास दिवस मोजून गव्हाच्या सुगीचा सण साजरा करायचा. रूथ आपल्या सासूबरोबर बेथलेहेमात पोहोचते तीही जवाच्या कापणीच्या आरंभी. ख्रिस्ताचे पुनरुत्थान झाले ते या दिवसांत, शब्बाथानंतरच्या सकाळी, आणि म्हणूनच करिंथकरांस लिहिताना पौलाने त्याला प्रथमफळ म्हटले. हे रूपक बागेतले नाही, खळ्यावरचे आहे. पहिली पेंढी आली याचा अर्थ मागचे सारे शेत कापणीला आले आहे, एवढाच त्याचा रोख आहे.

असे पाहिले म्हणजे बायबलमधला ईस्टर इंग्लंडातील बागेपेक्षा सोलापूरच्या खळ्याला जवळचा ठरतो. परतीच्या पावसाची ओल धरून काळ्या जमिनीत पेरलेला शाळू कडाक्याच्या थंडीत दवावर वाढतो आणि फाल्गुनाच्या सुमारास कापणीला येतो. गहू, हरभरा, करडई यांची सुगी त्याच दिवसांत उरकते. म्हणजे उपवासकाळ चालू असतो तेव्हा या प्रदेशात मळणी चालू असते. मराठी चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या दिवशी कागदी लिलीऐवजी शाळवाचे कणीस वेदीवर ठेवले तर ते पौलाच्या म्हणण्याशी कितीतरी अधिक इमानी होईल.

बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी पॅलेस्टाइनमधील पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी ‘आगोटीचा’ आणि ‘वळवाचा’ असे दोन अस्सल शब्द योजले. शब्द गोड आहेत, शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. पण त्यात एक गंमत झाली आहे. महाराष्ट्रात वळीव आधी येतो आणि आगोट मागून. तिकडे वळवाच्या नावाने ओळखला जाणारा पाऊस हंगाम संपताना येतो. महिने मात्र जवळपास तेच, मार्च आणि एप्रिल. तिकडे दाणा भरण्यासाठी लागणारा तो अखेरचा शिडकावा. इकडे तो तापलेल्या ढेकळांना पुढच्या पेरणीची आठवण देणारा पहिला. एकाच शब्दाने एका देशात शेवट आणि दुसऱ्या देशात प्रारंभ सांगावा, हा योगायोग भाषांतरकारांच्या मनात असेलच असे नाही, परंतु तो वाया घालविण्यासारखाही नाही.

येथे एक मूलभूत आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ऋतू हे चक्र आहे. वसंतानंतर ग्रीष्म येतो तसा पुन्हा शिशिरही येतो. जे झाड पालवते ते पुन्हा झडते. अशा फेऱ्यातून आशा कशी निघावी? ‘उपदेशक’ या पुस्तकाचा कर्ता सूर्य, वारा आणि नद्या यांच्या फेऱ्यांकडे पाहून हर्षित झालेला नाही. तो थकून गेला आहे. भारतीय मनाला तर चक्राची कल्पना हाडीमाशी भिनलेली आहे आणि त्यातून सुटणे हीच येथील कित्येक दर्शनांची आकांक्षा राहिली आहे. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे याहून निराळे आहे. ती म्हणते की एक गोष्ट एकदाच घडली आणि तिने काळाला दिशा दिली. पुनरुत्थान म्हणजे दरवर्षी येणारी पालवी एवढाच अर्थ असेल, तर त्यासाठी शुभवर्तमानाची गरज काय? पंचांग पुरेसे आहे.

ईस्टरच्या प्रवचनांत ही गफलत फार वेळा होते. कोशातून बाहेर पडणारे फुलपाखरू, अंड्यातून निघणारे पिल्लू, फुटणारा कोंब असे दाखले देऊन उपदेशक जणू सिद्धता मांडतो. त्यातला कोणताही दाखला सिद्धता नाही. फुलपाखरू मेलेलेच नव्हते. पौल याबाबतीत अधिक सावध आहे. मेलेली माणसे कोणत्या शरीराने उठतात, असा खोचक प्रश्न विचारणाऱ्याला तो बियाण्याचा दाखला देतो. परंतु त्यातून तो पुनरुत्थान सिद्ध करीत नाही. पेरलेला दाणा आणि वर येणारे रोप यांच्या रूपात साम्य नसले तरी नाते असते, एवढेच तो सांगतो. निसर्ग आशेला पुरावा देत नाही, बोली देतो. हा फरक राखला नाही तर पहिल्याच कोरड्या वर्षी श्रद्धाही वाळून जाण्याचा धोका असतो.

गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत तर बहुतेकांना पाठ असतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो बाराव्या अध्यायात येतो. सणासाठी आलेल्या काही ग्रीकांना येशूला भेटावयाचे आहे आणि तो निरोप पोहोचताच येशू स्वतःच्या मरणाविषयी बोलू लागतो. विज्ञान शिकविणारा एखादा शिक्षक येथे हात वर करील, आणि त्याचा आक्षेप रास्त आहे: दाणा मरत नाही, त्यातील अंकुर जिवंत असतो म्हणूनच तो रुजतो; मेलेला दाणा उगवत नाही आणि हे शेतकऱ्याला शिक्षकाहूनही चांगले ठाऊक असते. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवून किती उगवतात हे तो पाहून घेतो. पण दृष्टांताचा भर वनस्पतिशास्त्रावर नाही. तो दाण्याकडे शेतकऱ्याच्या घरातून पाहिला पाहिजे. पेरलेला दाणा हा घरापुरता गेलेला दाणा असतो. तो दळता आला असता, भाकरी झाली असती. उन्हाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी होत आलेली असते, मुले भुकेली असतात आणि राखेत घोळवून ठेवलेले बियाणे मडक्यात तसेच असते. त्याला हात लावायचा नाही हा घरातल्या बाईचा निर्धार असतो. स्तोत्रसंहितेत रडत पेरणाऱ्याचे चित्र आले आहे ते अशा घरातून आले असले पाहिजे. पेरताना कोणी उगाच का रडेल?

कोरडवाहू शेतीतील धुळपेर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही. पाऊस येण्यापूर्वीच, कोरड्या मातीत, केवळ मृगाच्या भरवशावर पाभर धरली जाते. पाऊस वेळेवर आला तर पीक आठवडाभर पुढे जाते. हुकला तर बियाणे मुंग्या-पाखरांचे. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याच्या घरात कर्जाचे कागद आहेत त्याला विचारावे. या धंद्यात आशा ही मनाची प्रसन्न अवस्था नसते. ती हातातील शेवटची चीज मातीत टाकण्याची कृती असते आणि तिच्या पोटात भीती असते. ख्रिस्ती परंपरेत आशेची गणना श्रद्धा आणि प्रीती यांच्याबरोबर होते, ती बहुधा याच अर्थाने.

मग ऋतू आलाच नाही तर? ऋतूंतून आशा शोधणाऱ्या साऱ्या रम्य लिखाणाची कसोटी या प्रश्नावर लागते आणि त्यातील बहुतेक लिखाण तिथे उतरत नाही. दख्खनच्या ख्रिस्ती मंडळ्यांना हा प्रश्न जन्मापासून चिकटलेला आहे. १८७६ ते १८७८, मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व आसपासच्या भागांत पुष्कळ माणसे मिशनांच्या आश्रयाला आली, त्यांतील अनेकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या नातवंडांनाही पुढे ‘दुष्काळी ख्रिस्ती’ म्हणून टोमणे ऐकावे लागले. टोमणा मारणाऱ्यांनी भूक पाहिली नव्हती हे खरे. पण त्या काळच्या कित्येक मिशनऱ्यांनीही पीक तयार झाले आहे, कापणारे थोडे आहेत, हे शुभवर्तमानातील रूपक उपाशी माणसांच्या रांगेला लावले, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेतात दाणा नसताना माणसांची सुगी मोजणे हे रूपकाचे विकृतीकरण होते. त्याच मिशनांनी अन्नछत्रे चालविली, अनाथ मुले वाढविली, त्यांना धंदे शिकविले, हेही तितकेच खरे. आणि एका सत्याने दुसरे पुसून टाकण्याचे कारण नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात वेगळे उठून दिसते. दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले होते, तेव्हा त्या ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर होत्या. ऋतू चुकणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. पुढे पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जी जमीन घेतली ती फळबागेसाठी, शारदा सदनाला उत्पन्नाचा आधार व्हावा म्हणून. १८९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या; १९०० मध्ये गुजरातमधून आणखी आल्या. बागेच्या जागी ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली, विहिरी खणल्या गेल्या, माग आणि छापखाना चालू झाला. संदेष्टा हबक्कूक याच्या पुस्तकाच्या अखेरीस अंजीर न फुलण्याची, द्राक्षवेल न फळण्याची, गोठे रिकामे पडण्याची एक लांबलचक यादी येते आणि त्यानंतरही तो देवाच्या ठायी उल्हास करण्याचे सोडत नाही. ऋतू चुकल्यावरही उरणारी जी आशा तो सांगतो, तिचे केडगावी कुदळ आणि पोहरा यांत रूपांतर झाले होते. रमाबाईंच्या धर्ममतांशी ज्यांचे पटले नाही त्यांनाही या विहिरींविषयी वाद घालता आलेला नाही.

आता पुन्हा त्या चैत्रातील रखरखाटाकडे वळावे. तो खरोखरच ओसाड आहे काय? जरा नजर सावरून पाहिले तर सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या रानात याच दिवसांत एक विलक्षण घटना घडत असते. माघ-फाल्गुनात, उपवासकाळ सुरू होतो त्या सुमारास, काटेसावर अंगावर एकही पान नसताना लालभडक फुलांनी भरून जाते. खोडावर काटे, फांदीवर रक्तवर्ण फूल आणि खाली पडलेल्या मांसल पाकळ्यांचा सडा. क्रुसाचे ध्यान करण्यासाठी याहून बोलके झाड युरोपातील कोणत्या बागेत सापडेल, हे सांगणे कठीण आहे. त्यामागोमाग पळस पेटतो. पांगारा फुलतो. आणि होळी सरून ऊन तापू लागले की कोशिंब तांबूस पालवीने असा झळाळतो की दुरून तो फुललाच आहे असे वाटावे. पिंपळाला तर याच काळात काही दिवसांत सारी पाने टाकून तांबूस-पोपटी, पारदर्शक अशी नवी पाने येतात. कडुनिंब मोहरतो. वैशाखात बहावा सोन्याचे झुंबर होतो.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे सारे पावसाच्या आधी घडते. पाऊस अजून दोन-तीन महिने दूर असतो, हवेत ओलावा नसतो, वरची माती भाजून निघालेली असते. पाऊस पडला म्हणून झाड पालवते, हा शहरी माणसाचा समज आहे. पानझडी जंगलातील पुष्कळ झाडे जुनी पाने टाकून देतात. त्यामुळे पानांवाटे होणारा पाण्याचा व्यय थांबतो, खोल गेलेली मुळे आणि खोडातील साठा यांच्या बळावर झाडाच्या उतींत पुन्हा पाणी भरते, दिवस मोठा होऊ लागतो आणि कळ्या उमलतात. पाऊस येतो तेव्हा पाने तयार असतात. युरोपातील झाड थंडी संपल्यावर पालवते. दख्खनचे झाड ताप वाढत असताना पालवते. पहिले संकट टळल्याची खूण आहे, दुसरे संकट ऐन भरात असतानाची. ख्रिस्ती आशेचे जे वर्णन पौलाच्या पत्रांत वारंवार येते, न दिसणाऱ्या गोष्टीची धीराने वाट पाहण्याचे, त्याला यांतील कोणते चित्र अधिक जुळते, हे वाचकानेच ठरवावे.

बायबलमध्येही अशी झाडे आहेत. यिर्मया संदेष्ट्याला प्रारंभीच दिसते ती बदामाची डहाळी. पॅलेस्टाइनमध्ये बदाम हिवाळा संपण्यापूर्वी, पाने येण्याआधी फुलतो. आणि हिब्रू भाषेत बदाम व जागा राहणारा या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे, त्यावर त्या प्रसंगातील श्लेष उभा आहे. येशूनेही अंजिराच्या कोवळ्या डहाळीकडे बोट दाखवून उन्हाळा जवळ आल्याचे ओळखा, असे शिष्यांना सांगितले. उन्हाळा जवळ आला ही तिथे धमकी नव्हे, फळांची वार्ता आहे. मराठी वाचकाला हे उमगायला आंब्याची आठवण पुरेशी व्हावी.

परंपरेने आलेली प्रतीके आणि इथली माती यांची सांगड घालणारे पूर्वज मराठी ख्रिस्ती समाजाला लाभले नाहीत असे मुळीच नाही. इंग्लंडात जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. मराठीची थोरवी सांगताना त्याला आठवली ती मोगरी आणि मोर. आपल्या मायदेशीचा गुलाब नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात ते उगीच नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी रानफुलांवरील प्रेम मागे टाकले नाही, आणि चर्चमध्ये परदेशी चालींबरोबर अभंग व कीर्तनही यावे म्हणून ते अखेरपर्यंत झटले. सामान्य भाविकांनी तर पंडितांच्या आधीच मार्ग काढला होता. गोव्यात साष्टीमधील राय या गावचे चर्च हिमाच्या मातेचे आहे. रोममधील ऑगस्टमधल्या बर्फवृष्टीच्या आख्यायिकेवरून आलेला हा सण, ५ ऑगस्टचा. जिथे हिम कोणी पाहिलेले नाही अशा त्या गावात, ऐन श्रावणातल्या पावसात, त्या दिवशी भाताची पहिली कणसे आशीर्वादित होतात. मुंबई-ठाण्याकडील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो तोही नव्या भाताच्या पेंढ्या चर्चमध्ये नेऊन. बर्फाचा सण कणसाचा करून टाकणाऱ्या त्या अनाम शेतकऱ्यांनी जे साधले ते धर्मशास्त्राच्या वर्गांत अजून पुरते शिकविले जात नाही.

मात्र हे चक्रच आता पूर्वीसारखे विश्वासाचे राहिलेले नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा-विदर्भावर गारांचा मारा झाला आणि उभा गहू, हरभरा झोपला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षीचा ईस्टर २७ मार्चला होऊन गेला होता. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणीला आलेले खरिपाचे पीक अवकाळी पावसात कुजले. जलप्रलयानंतर देवाने नोहाला दिलेले वचन उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात आहे: पृथ्वी असेपर्यंत पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन यांचा क्रम खंडित होणार नाही. त्यावर बोट ठेवून काही जण निश्चिंत राहतात. हवामानाची चिंता करणे हा जणू देवावरचा अविश्वास, अशी त्यांची भूमिका असते. परंतु वचन देवाने दिले म्हणून माणसाने धूर ओकण्याची आणि डोंगर बोडके करण्याची सनद मिळविली असा अर्थ त्यातून कसा निघतो, ते समजत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीची हेळसांड आणि गरिबांची हेळसांड ही एकाच दुखण्याची दोन रूपे मानली. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक ख्रिस्ती पंथ सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. भाद्रपद-आश्विनातले हे दिवस. खरिपाचे भवितव्य तेव्हाच ठरत असते.

महाराष्ट्रात या चिंतेला प्रार्थनेपलीकडचे रूपही मिळालेले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात आपले आयुष्य वेचले. १९७२ च्या दुष्काळासारखे प्रसंग जवळून पाहिलेल्या या माणसाने धान्यवाटपावर समाधान मानले नाही. पडणारे पाणी डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवायचे, समतल चर खणायचे, बांध घालायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानेच ठरवून पाळायची, अशा पाणलोट विकासाच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे या कामासाठी ओळखली जातात. बाखर यांचे २०२१ मध्ये निधन झाले. त्या कामात कोणाचा धर्म कोणता हे विचारले जात नव्हते. चर खणणाऱ्या हातांत बहुसंख्य हात ख्रिस्ती नव्हते. माणसांची सुगी मोजणाऱ्यांच्या चुकीची भरपाई दुष्काळी माळावर अशी, बोलून न दाखवता, होत गेली असे म्हणता येईल.

रविवारच्या शाळेत लहान मुलांना ईस्टरचे चित्र काढायला सांगितले तर ती आजही बहुधा ससा आणि रंगीत अंडे काढतील. दोष मुलांचा नाही. शिक्षकाने फळ्यावर तेच काढलेले असते. वास्तविक वर्गाच्या खिडकीतून पळस दिसत असतो. गीतांच्या पुस्तकांत, शुभेच्छाचित्रांत, उपासनेच्या मांडणीत या रानाला जागा देणे फारसे खर्चाचे काम नाही. त्याला धर्मगुरूंच्या सभेचा ठरावही लागणार नाही. शाळवाचे कणीस आणि कोशिंबाची डहाळी आणून देण्यासाठी गावातील कोणताही मुलगा पुरेसा आहे.

कॅथलिक चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री जो जागरणविधी होतो त्यात आधी अंगणात नवा अग्नी पेटवितात. त्या ज्योतीवरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातील लहान मेणबत्त्या. मग जुन्या करारातील वाचने होतात, सृष्टीच्या उत्पत्तीपासून. आणि त्यानंतर पाणी आशीर्वादित केले जाते. त्या विधीत पाणी असणारच असे गृहीत धरलेले आहे. टँकरवर जगणाऱ्या गावांत वेदीपाशी ठेवलेल्या त्या घंगाळाकडे लोक निराळ्या नजरेने पाहतात. त्यातील पाणी बायकांनी रांगेत उभे राहून मिळविलेले असते. धर्मगुरू ते मंडळीवर शिंपडतात, उरलेले भाविक लहान बाटल्यांतून घरी नेतात, आणि तळाशी राहिलेले ओंजळभर पाणी कोणीतरी जाता जाता अंगणातल्या पिंपळाच्या बुंध्याशी ओतते. त्याची नवी पाने तोवर आलेली असतात.